चौलचे विणकर आणि तळेगावच्या मोटारी

रेवदंड्याच्या तटावरून खाडीपलीकडे पाहिले, की साळावचा लोखंड प्रकल्प नजरेत भरतो. विक्रम इस्पातने उभारलेला हा कारखाना आज जेएसडब्ल्यूच्या ताब्यात आहे. तेथील माल टनांवर मोजला जातो. परंतु आधुनिक यंत्राची किंमत त्याच्या वजनात नसते. ती त्याच्या हालचालीच्या नेमकेपणात असते. साधी मोटार नुसती फिरते. सर्वो मोटार आपण किती फिरलो हे क्षणोक्षणी मोजून नियंत्रकास कळविते, आणि तो लागलीच चूक सुधारून घेतो. छपाईयंत्रापासून यंत्रमानवाच्या मनगटापर्यंत सारे या देवाणघेवाणीवर चालते.

या विद्येत जपानी कंपन्या अग्रेसर आहेत. त्यांपैकी मित्सुबिशी इलेक्ट्रिकने पुण्याच्या मेसंग कंपनीचा कारखाना-स्वयंचलनाचा व्यवसाय २०१२ साली विकत घेतला, आणि २०२३ साली तळेगाव येथे नवा कारखाना सुरू केला. या घटनेचे स्वागत करावे की खेद मानावा? रोजगार आला, हे खरेच. परंतु मेसंग ही येथे नियंत्रक घडविणारी देशी कंपनी होती. विक्रीनंतर यंत्राचा आराखडा कोठे काढला जातो, हा प्रश्न पगाराच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

परक्याचे तंत्र घेण्यात कमीपणा नाही. जपानच्या सुमितोमोने ‘सायक्लो’ या वेगनियामक गिअरचे तंत्र १९३०च्या दशकात जर्मनीकडून परवान्याने घेतले, ते पचविले, आणि कालांतराने ती मूळ जर्मन कंपनीच विकत घेतली! आपल्याकडे परवाने कमी आले नाहीत. मात्र मुदत संपली की बहुधा पुढच्या परवान्यासाठी हात पसरला गेला.

रेवदंडा-चौलला हा अनुभव नवा नाही. पोर्तुगीज अमदानीत येथे रेशीम विणले जाई. सतराव्या शतकात इंग्रजांच्या मुंबईने येथील विणकरांना आसरा दिला, आणि मागासोबत कसबही खाडी ओलांडून गेले. बंदर जागेवरच राहिले, पण त्याचे वैभव राहिले नाही.

आज जिल्ह्यातील लोणेरे येथे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथून बाहेर पडणारा तरुण सर्वो मोटारीच्या तारा जोडणार, की तिचे नियंत्रण रचणार? जमीन व सवलती देताना शासन रोजगाराची संख्या विचारते. आराखडा-विभागात स्थानिक अभियंते किती घेणार, हेही करारात लिहून घेण्यास कोणती अडचण आहे, ते उद्योग खात्याने सांगावे.