शिकाऊ उमेदवारी : करारपत्रावर सही करण्यापूर्वी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून जोडारी, कातारी, वीजतंत्री किंवा संधाता या व्यवसायाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अनुभवाचा. कारखानदार अनुभवी माणूस मागतो, आणि काम मिळाल्यावाचून अनुभव येत नाही. ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने खुला केला. प्रारंभी कारागिरीच्या व्यवसायांपुरती असलेली ही योजना १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवी व पदविकाधारकांना, १९८६ मध्ये उच्च माध्यमिक स्तरावरील व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना आणि २०१४ मध्ये इतर शाखांच्या पदवीधरांनाही लागू झाली.

तीस किंवा त्याहून अधिक माणसे काम करीत असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी हे प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के असे ठरविले. म्हणजेच अर्ज करणारा विद्यार्थी कोणाकडे मेहेरबानी मागत नसतो. कायद्याने निर्माण केलेल्या जागेसाठी तो आपली पात्रता मांडत असतो.

नोकरी नव्हे, प्रशिक्षण

या योजनेसंबंधी सर्वांत मोठा गैरसमज नोकरीच्या हमीविषयी आहे. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. प्रशिक्षण संपल्यावर त्याला कायम करण्याचे बंधन मालकावर नाही. करारपत्रात तशी अट असेल तरच ते लागू होते. मार्च २०१८ मध्ये रेल्वेत प्रशिक्षण घेतलेले शेकडो तरुण मुंबईत माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर उतरले, त्यामागे नोकरीची हीच अपेक्षा होती. रेल्वेने आपल्या पहिल्या स्तरावरील भरतीत अशा उमेदवारांसाठी वीस टक्के जागांची तरतूद केली होती. परंतु त्यासाठीही परीक्षा देणे भागच होते.

मात्र या वर्षाला पुढे किंमत नाही, असे समजणेही चूक ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात असे सांगितले, की इतर बाबी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवारास प्राधान्य द्यावे. तेव्हा हाती येते ते नियुक्तिपत्र नव्हे, तर नियुक्तीसाठीची पात्रता होय.

विद्यावेतन आणि खर्चाचा मेळ

२०१९ च्या नियमांनी किमान मासिक विद्यावेतन दहावी उत्तीर्णास ६,००० रुपये, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्रधारकास ७,००० रुपये, पदविकाधारकास ८,००० रुपये व पदवीधरास ९,००० रुपये असे निश्चित केले. अर्ज करताना चालू दर अवश्य पडताळून पाहावा. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून चाकणला येणाऱ्या मुलाने खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास यांचा हिशेब आधीच मांडला पाहिजे. या रकमेत कुटुंबाला पैसे पाठविता येतील, अशी आशा धरून आलेला उमेदवार बहुधा मध्येच परत फिरतो. उमेदवाराच्या कसुरीमुळे करार संपुष्टात आल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरून देण्याची जबाबदारी त्याच्यावर किंवा पालकावर येऊ शकते, हेही ध्यानात असावे.

करारपत्रात काय पाहावे

प्रशिक्षणाचा व्यवसाय, कालावधी आणि विद्यावेतन या तीन गोष्टी करारपत्रात स्पष्ट असाव्यात. उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही लागते. कराराची रीतसर नोंदणी झाली आहे, याची खात्री करून घ्यावी. कारण राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राचा मार्ग या नोंदणीतूनच जातो. नोंदणीवाचून केलेले वर्षभराचे काम पुढे कागदावर सिद्ध करणे कठीण जाते.

उमेदवारास नगावर मोबदला देता येत नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या संमतीवाचून त्याच्याकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही. कामावर इजा झाल्यास नुकसानभरपाईची तरतूद आहे, आणि करारासंबंधीचा वाद त्याच सल्लागाराकडे नेता येतो. जोडारी शिकावयास आलेल्या मुलास वर्षभर केवळ माल उचलण्याच्या कामावर ठेवले जात असेल, तर त्याने गप्प न बसता लेखी तक्रार करावी.

अर्जाची तयारी

पदवी व पदविकाधारकांना पश्चिम विभागाच्या मुंबई येथील शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे, तर इतरांना आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मार्गदर्शन मिळू शकते. नोंदणी केंद्र शासनाच्या संकेतस्थळांवर होते. शालान्त प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि बँक खाते या तिन्हींवरील नाव एकसारखे असावे. अर्जात ‘मेहनती व होतकरू’ अशी विशेषणे लिहिण्याऐवजी कोणत्या यंत्रावर काम केले, कोणती मोजमापाची साधने वापरता येतात, कोणती वस्तू स्वतः तयार केली, हे लिहावे. मुलाखतीत विचारले जाते तेही बहुधा हेच.

प्रशिक्षण सुरू झाल्यावर रोज शिकलेल्या कामाची दैनंदिनी ठेवावी. कोणत्या विभागात किती दिवस काढले आणि कोणते काम स्वतंत्रपणे करता येऊ लागले, याची ही नोंद पुढील प्रत्येक अर्जास आधार देते. अनुभव काय, असे उद्या विचारले गेले, तर सांगण्यासारखे उत्तर त्या वहीत आधीच लिहिलेले असेल.