बाळंतिणीचे बळ
अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत व कपाशीच्या शेतांत स्त्रियांचे श्रम मोठे आहेत. सव्वा महिना सरताच कित्येक बाळंतिणींना पुन्हा ओझे उचलावे लागते. गर्भाचा भार व प्रसूतीचा ताण यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. खोकताना लघवी सुटणे, अंग बाहेर येणे हे विकार त्यातून उद्भवतात. पण लाजेपोटी ते सांगितले जात नाहीत. लघवी रोखताना आवळले जाणारे स्नायू ५ सेकंद आवळून सैल सोडावेत. असे १० वेळा, दिवसातून तीनदा केल्यास बहुतेकींना काही महिन्यांत गुण येतो. अंग बाहेर येत असल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे. आशा कार्यकर्ती ४२ व्या दिवसापर्यंत घरी भेटी देते. त्या वेळी बाळाबरोबर आईचीही विचारपूस व्हावी, याकडे ग्रामपंचायतींनी लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.