तुराट्या, पऱ्हाट्या आणि हलकी फळी

वाशीच्या माळावर पौष-माघात तुरीचे खळे उरकले म्हणजे शेताशेतांच्या बांधांशी तुराट्यांचे ढीग दिसू लागतात. ज्यांनी कापूस लावला असेल त्यांच्या रानात पऱ्हाट्या उभ्या राहतात, त्या निराळ्याच. यांपैकी काही भाग चुलीत जातो, काही कुडाला व कुंपणाला लागतो, आणि उरलेल्यास उन्हाळी मशागतीच्या घाईत काडी लावून दिली जाते. त्याच शेतकऱ्याच्या घरी त्या वर्षी लेकीचे लग्न निघाले अथवा नवे घर उभे राहिले, की तो बार्शी-कळंबच्या बाजारातून कपाटासाठी व दारांसाठी फळ्या विकत आणतो. त्या फळ्या पुष्कळदा लाकडाच्या भुग्याच्या व गोंदाच्या असतात. म्हणजे बांधावर जी वस्तू आपण जाळतो, तिच्याच जातीची वस्तू दाम मोजून घरी आणतो. या व्यवहारात शेतकऱ्याचे नुकसान कोठे होते व ते कितपत टाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बाजारातील फळ्यांची ओळख

हल्ली सुतारकामात मुख्यत्वे तीन प्रकारच्या तयार फळ्या वापरल्या जातात. पहिली प्लायवूडची. हिच्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक असे डकवितात की एकाची शीर दुसऱ्याच्या शिरेस आडवी यावी. त्यामुळे फळी सहसा उलत नाही व दोन्ही दिशांस बळकट राहते. दुसरी एमडीएफची. हिच्यात लाकडाचा तंतू तंतू मोकळा करून, तो गोंदात कालवून, उष्णतेने व दाबाने त्याची फळी करतात. ती दिसावयास गुळगुळीत व कापावयास सोपी. परंतु वजनदार असते, आणि कडेने पाणी शिरले तर फुगते व पुन्हा पूर्ववत् होत नाही. तिसरी कणफळी, जिला बाजारात पार्टिकल बोर्ड म्हणतात. हिच्यात तंतूऐवजी लाकडाचे वा काडीचे बारीक कण असतात.

वजनाचा हिशेब करून पाहू. आठ फूट लांब, चार फूट रुंद व १८ मिलिमीटर जाड अशी एमडीएफची फळी सुमारे ४० किलोची भरते. प्लायवूडची सुमारे ३२ किलोची. असल्या फळीचे दार बिजागरीवर रोज शेकडो वेळा झुलते. कपाट भिंतीस टांगले तर ते वजन खिळ्यांवर येते. सबब हलकी, तथापि ताठ अशी फळी मिळाली, तर सुताराचे श्रम, वाहतुकीचा खर्च व लाकूड ही तिन्ही वाचतात.

हलकेपणाचे मर्म

अशी फळी करता येते, आणि तिचे मर्म समजावयास कठीण नाही. फळीवर भार ठेवला म्हणजे ती वाकू पाहते. त्या वेळी तिचा वरचा थर दबतो व खालचा ताणला जातो; मधल्या भागावर हा ताण फारच थोडा येतो. मधल्या भागाचे काम इतकेच की, दोन्ही थरांस एकमेकांपासून दूर धरून ठेवणे व त्यांस सरकू न देणे. मग तेथे भारी लाकूड कशासाठी घालावे? वर-खाली पातळ परंतु मजबूत पत्रे, आणि मध्ये हलका गाभा, एवढ्याने काम भागते.

ताठपणा हा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १८ मिलिमीटर जाडीच्या फळीत वर-खाली तीन-तीन मिलिमीटरचे प्लायवूड ठेवून मधला १२ मिलिमीटरचा भाग कागदाच्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीने भरला, तर गणिताने भरीव फळीच्या ताठपणाचा सुमारे ७० टक्के भाग कायम राहतो. वजन मात्र कडेची लाकडी पट्टी धरून सुमारे १६ किलो, म्हणजे निम्मेच होते. तेच पत्रे ठेवून एकूण जाडी २४ मिलिमीटर केली, तर वजनात किंचित् भर पडते. परंतु ताठपणा १८ मिलिमीटरच्या भरीव फळीच्याही सव्वापटीहून अधिक होतो. गाभा चांगला चिकटलेला असावा, एवढी मात्र यात अट आहे.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे ‘मॉस्किटो’ नावाचे विमान प्रसिद्धीस आले. ते नोव्हेंबर १९४० मध्ये प्रथम उडाले. त्याचे धड दोन पातळ प्लायवूडच्या थरांमध्ये बाल्सा नावाचे अत्यंत हलके लाकूड घालून केलेले होते, व त्या काळच्या अतिवेगवान विमानांत त्याची गणना होत असे.

आपला कूड आणि आपले माळवद

आपल्याकडील जुन्या माणसांस हा विचार अगदीच परका वाटू नये. तुराट्या विणून दोन्ही अंगांस शेणामातीचा लेप दिलेला कूड हे याच कुळातले काम होय. काडी हलकी असते व ताण सोसते. लेप तिला ताठ करतो व वाऱ्यापासून राखतो. गरिबाचे घर म्हणून आपण कुडास हिणविले, आणि ज्याची ऐपत त्याने दगडमातीच्या रुंद भिंती व वर मातीचे जड माळवद, अशी वाड्याची रीत धरली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या बाजूस भूकंप झाला, तेव्हा या जडपणाचे मोल लातूर व धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांनी चुकविले. सुमारे दहा हजार माणसे गेली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती ढासळून त्यांखाली व माळवदाच्या मातीखाली झोपेतली माणसे दडपली गेली, हेच मृत्यूचे मोठे कारण ठरले. हलक्या फळ्यांनी भूकंपास तोंड देणारे घर बांधता येते, असे यावरून कोणी समजू नये. घराचा सांगाडा हा जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यानेच उभारावा. परंतु भार न पेलणारी आतली आडभिंत, पोटमाळा, छताखालचे आच्छादन ही कामे हलकी असावीत, एवढा धडा त्या पहाटेने आपणांस दिला आहे.

काडीपासून फळी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तुराटी व पऱ्हाटी यांची फळी होते काय? होते. मुंबईस माटुंगा येथे १९२४ साली कापसाच्या संशोधनासाठी जी प्रयोगशाळा निघाली, ती पुढे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने पऱ्हाटीपासून कणफळी करण्याची रीत सिद्ध केली व नागपूर येथे तिचे प्रात्यक्षिकही उभारले. रीत अशी : पऱ्हाटी तोडून तिचे लहान तुकडे करावयाचे, ते दळून कण काढावयाचे, चाळून माती व साल निराळी करावयाची, कण सुकवून त्यांस कृत्रिम गोंद लावावयाचा, मग बारीक कण बाहेरच्या अंगास व जाडे कण मध्ये असा थर पसरून त्यास तापलेल्या दाबयंत्रात दाबावयाचे.

उसाच्या चिपाडाचा दाखला तर याहून जुना आहे. अमेरिकेत लुइझियाना प्रांतात १९२० नंतरच्या दशकातच चिपाडापासून ‘सेलोटेक्स’ नावाच्या हलक्या फळ्या निघू लागल्या होत्या. आपल्या शेजारी सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातील वेळापूर येथे इकोबोर्ड कंपनीने चिपाडाच्या कणफळ्यांचा कारखाना काढला. पुढे साखर कारखाने चिपाड जाळून वीज करू लागले, तेव्हा त्याच चिपाडास दुसरे गिऱ्हाईक उभे राहिले. ज्या मालास दोन गिऱ्हाइके, त्याचा भाव कारखानदारास परवडेलच असे नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

येथे एका गैरसमजापासून वाचकांस सावध करणे अवश्य आहे. काडीची म्हणून कणफळी आपोआप हलकी होत नाही. कण दाबून केलेल्या साध्या फळीचे वजन प्लायवूडच्या आसपास, किंबहुना अधिकही भरते. हलकेपणा दोन रीतींनी येतो : गाभा कमी दाबाने सैल ठेवून, अथवा त्यात नळ्यांसारख्या पोकळ्या राखून. अशा गाभ्यावर मजबूत पत्रे चढविले, म्हणजे मग ती खरी हलकी फळी होय. बेल्जम देशात जवसाचा तंतू काढल्यावर उरलेल्या काडकचऱ्याचा असाच उपयोग झाला. १९६० साली तेथील जवसाच्या धंद्यातील मंडळी एकत्र आली व त्यांनी या कचऱ्यापासून फळ्या करण्यासाठी युनिलिन नावाची संस्था काढली. जवसाच्या हलक्या फळ्या युरोपात दारांच्या गाभ्यास वापरल्या जातात. एकट्या शेतकऱ्याच्या हातून जे झाले नसते, ते एकत्र येण्याने झाले, हा या हकिकतीचा आपणांस घेण्यासारखा भाग आहे.

शेतकऱ्याचा हिशेब

कापसाच्या एका हेक्टरात साधारणपणे दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. पऱ्हाटी जागा फार अडविते. गाडी भरलेली दिसते, पण काट्यावर वजन थोडे भरते. म्हणून सबंध पऱ्हाटी दूरच्या कारखान्यास धाडणे म्हणजे वारा वाहून नेण्यासारखे आहे. तिचे शेतावरच तुकडे केले, तर एका खेपेत पुष्कळ अधिक माल जातो. असे यंत्र एकट्याने घेणे परवडणारे नाही. दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून घेतल्यास परवडू शकेल.

हिशेब मांडताना कारखान्याच्या दारातील भावातून उपटणी, तुकडे करणे, भरणी, वाहतूक व ओलाव्याची तूट हे पाचही खर्च वजा करावे. उरलेली रक्कम सरपणाच्या किमतीशी व जमिनीस मिळणाऱ्या खताच्या किमतीशी ताडून पाहावी. आपल्या जमिनींत सेंद्रिय अंश आधीच कमी. तेव्हा सर्वच काडी विकून टाकणे हे भांडवल खाण्यासारखे होईल. तुरीचा पाला शेतातच गळतो, ही त्या पिकाची मेहेरबानी. पऱ्हाटीची गोष्ट निराळी आहे. ती रानात उभी राहिली तर तिच्यावरील किडक्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. तेव्हा ती वेळेवर काढून टाकणे हे तसेही कर्तव्यच आहे. तिला गिऱ्हाईक मिळाले तर कर्तव्याबरोबर चार पैसेही येतील. कडबा मात्र या व्यवहारात कोणीही घालू नये. ज्याच्या दावणीला जनावर आहे, त्यास वैशाखात कडब्याची किंमत सांगावी लागत नाही.

घरी वापरताना

ज्यांस आजच फळ्या घ्यावयाच्या आहेत, त्यांच्यासाठी अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो.

हलकी पोकळ फळी आतल्या दारांस, आडभिंतीस, टांगत्या कपाटाच्या झडपांस व मेजाच्या पृष्ठभागास उत्तम. न्हाणीघर, मोरीखालचे कपाट, बाहेरचे दार व गोठा येथे ती लावू नये. तेथे उकळत्या पाण्यास टिकणारे फिनॉलच्या गोंदाचे प्लायवूड अथवा जुने पक्के लाकूडच वापरावे. धान्याच्या खोलीतही पोकळ फळी टाळावी. उंदराने एकदा कड कुरतडली की फळीच्या पोटात त्यास आयतेच बीळ मिळते. वाळवीचा उपद्रव असेल तेथे कागदी गाभ्याची फळी जमिनीस टेकू देऊ नये.

बिजागरी, कडी व कुलूप जेथे बसावयाचे, तेथे फळीच्या आत भरीव लाकडाचा ठोकळा असलाच पाहिजे. पोकळ जागी मळसूत्री खिळा धरत नाही, आणि दार चार महिन्यांत लोंबू लागते. म्हणून माप आधी पक्के करून मगच फळी करवून घ्यावी. मागाहून कापल्यास कडेची पट्टी जाते व पोट उघडे पडते. चारही कडा लाकडाने बंद करून त्यांस रंग द्यावा. आत पोकळ असलेल्या दारांसाठी भारतीय मानक २१९१ आहे. विकत घेताना त्याचा शिक्का पाहावा.

युरियाच्या गोंदाच्या नव्या फळ्यांतून जो डोळ्यांस झोंबणारा वास येतो, तो फॉर्माल्डिहाइड या वायूचा होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्यास माणसास कर्करोग करणारा पदार्थ ठरविले आहे. तेव्हा नवे कपाट काही दिवस उघड्या हवेशीर जागी ठेवावे, त्याच्या उघड्या कडा बंद कराव्यात, आणि लहान मुलांच्या निजण्याच्या खोलीत ते लगेच नेऊ नये.

उपसंहार

सारांश, हलकी फळी ही काही जादू नव्हे. भार जेथे येतो तेथे बळकट माल घालावा व जेथे येत नाही तेथे हलका, एवढाच तिचा अर्थ. त्या हलक्या मालाचा साठा आपल्या बांधावर पडून आहे. फळ्यांचा कारखाना काढण्याची घाई आपल्या संघाने करू नये. दाबयंत्र व गोंद यांत मोठे भांडवल गुंतते, आणि माल मात्र वर्षातून दोन-तीन महिनेच निघतो. परंतु येत्या तुरीच्या सुगीपूर्वी कोणत्या गावात किती तुराटी व पऱ्हाटी उरते याची मोजदाद करणे, सामायिक तुकडे-यंत्राचा खर्च काढणे, आणि काडी गोळा करण्याआधी खरेदीदाराकडून भाव व ओलाव्याची अट लेखी घेणे, ही तीन कामे आजच करता येण्याजोगी आहेत. मोजदाद झाल्यावर हिशेब तोट्याचा निघाला, तर तोही कळणे हिताचेच. काडी मग कुट्टी करून मातीस परत द्यावी. बांधावर आग लावून मात्र ती ना मातीच्या कामी येते, ना माणसाच्या.