सतराव्या यंत्राची गोष्ट

मराठीच्या अध्यापकाने संगणकावर लेख लिहावा, हे ऐकून वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील हे मी धरूनच चाललो आहे. पहिली आठी आमच्या घरातच पडली. "घरातला फ्यूज गेला तर तुम्ही शेजारच्या काकांना हाक मारता, आणि दिवाळी अंकात यंत्रांवर लिहिणार?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. पण त्या चार दिवसांत माझ्यावर जो प्रसंग गुदरला तो मी नाही तर कोण सांगणार?

आमच्या कॉलेजात भाषा-प्रयोगशाळा नावाची एक खोली आहे. तीत चोवीस संगणक. तिची जबाबदारी मराठी विभागाकडे का, तर ज्या बैठकीत हे ठरले तिला मी गैरहजर होतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपायचा होता, म्हणून २०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत साऱ्या यंत्रांवर विंडोज ११ चढवावे असा हुकूम सुटला. यंत्रे २०२२ साली घेतलेली, म्हणजे नव्या विंडोजला चालण्याजोगी. प्रत्येकासमोर पेनड्राइव्ह घेऊन बसायचे तर आठवडा गेला असता. तेव्हा आमचा एक माजी विद्यार्थी धावून आला. तो पुण्यात हेच काम करतो. "सर, नेटवर्कवरून टाकू. चोवीसही एकदम!" तो म्हणाला.

ही नेटवर्कची युक्ती मोठी गमतीची आहे. यंत्र सुरू होते तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे म्हणून काही नसले तरी चालते. ते वायरीवरून नुसती हाक मारते, 'अहो, मला कोणी पत्ता देता का?' एक सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि कोणती फाइल आणायची तेही कळते. मग यंत्र ती लहानशी फाइल आणते, तिच्या पाठोपाठ एक छोटे विंडोज येते आणि ते थेट मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, मुक्काम टाकते. या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. एवढे सारे होईपर्यंत यंत्रातल्या डिस्कला कोणी हातही लावलेला नसतो. घरमालकाला न भेटताच पाहुण्याने ओसरीवर वळकटी पसरावी, तसा हा प्रकार. म्हणूनच पडद्यावर निळी खिडकी दिसली की आपण हुरळून जातो, पण घरात शिरायला जागा आहे की नाही याचा तोवर पत्ताच नसतो.

आमचे तसेच झाले. पहिले यंत्र झोकात सुरू झाले, आणि पाचव्या मिनिटाला संदेश आला की विंडोज बसवायला डिस्कच सापडत नाही.

मी घाबरलो. डिस्क गेली म्हणजे खरेदी, निविदा, तीन दरपत्रके! प्रयोगशाळेच्या मामांनी तत्परतेने पेटी उघडली, डिस्क दाबून बसवली, फुंकर मारली. फुंकर मारणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय आहे. काही उपयोग झाला नाही. दुसरे यंत्र घेतले, तोच संदेश. तिसरे, तेच.

"एक डिस्क मरते सर, चोवीस एकदम मरत नाहीत," आमचा विद्यार्थी म्हणाला. हे वाक्य मी त्या दिवशी शिकलो. एकाच यंत्रावर दोष आला तर यंत्राकडे पाहावे, सगळीकडे आला तर आपण सगळीकडे जे पाठवले त्याच्याकडे पाहावे. त्याने यंत्राच्या बायोसमध्ये जाऊन दाखवले. ५१२ जीबीची एसएसडी तिथे नावानिशी हजर होती. मग शिफ्ट आणि एफ-१० ही बटणे दाबून काळी खिडकी उघडली, डिस्कपार्ट नावाचा कार्यक्रम चालवून 'लिस्ट डिस्क' असे लिहिले. उत्तर आले की एकही डिस्क नाही.

म्हणजे घरमालक घरात होता, पाहुण्याला दिसत मात्र नव्हता. इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीपासूनच्या अनेक प्रोसेसरांत व्हीएमडी नावाची एक व्यवस्था असते. एसएसडी थेट समोर न येता तिच्या आड उभी राहते. तिच्याशी बोलायला वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि आम्ही पाठवलेल्या छोट्या विंडोजमध्ये तो नव्हता. उपाय दोन. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणे, पण ते प्रत्येक यंत्रावर हाताने करावे लागते, आणि डिस्कवर आधीचे विंडोज ठेवायचे असेल तर ते पुढे सुरू होताना कोसळू शकते. दुसरा उपाय खरा शहाणपणाचा. तो ड्रायव्हर सर्व्हरवरच्या बूट-फाइलमध्येच घालून ठेवायचा. डीआयएसएम नावाच्या साधनाने ती फाइल उघडायची, ड्रायव्हर आत घालायचा, जतन करून बंद करायची. अर्ध्या तासाचे काम. तो त्याला लागला.

आणि इथेच मी शहाणपणा केला. त्याचे होईपर्यंत हात जोडून काय बसायचे, म्हणून मी आणि मामांनी उरलेली यंत्रे जुन्याच फाइलवर सुरू करून पाहायला सुरुवात केली. कुठे डिस्क सापडत नव्हती. सतरा नंबरवर मात्र सापडली! टक्केवारी चालू झाली. एक, दोन, तीन. "मामा, याला काही झालेलं नाही बघा!" मी ओरडलो. मामांनी चहा सांगितला.

विद्यार्थी सहज उठून आला. त्याने काळी खिडकी उघडली, आकडा वाचला आणि त्याचा चेहरा बदलला. "सर, ही ९३१ जीबीची डिस्क आहे. आपल्या साऱ्या ४७६ दाखवायला हव्यात. यात दुसरी डिस्क कोणी घातली?"

(एक हजार जीबी म्हणून विकलेली डिस्क ९३१ का दाखवते, हे पुष्कळांना फसवणूक वाटते. ती नव्हे. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या.)

दुसरी डिस्क मीच घातली होती. २०१९ साली आमच्या मुलामुलींनी पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या थोर कामापुढे आमचे काम म्हणजे ओंजळभर पाणी. दोनशे बारा फाइली होत्या. त्या जुन्या डिस्कवर होत्या, आणि २०२२ मध्ये यंत्रे बदलली तेव्हा मीच हट्टाने ती डिस्क नव्या सतरा नंबरमध्ये बसवून घेतली होती. दुसरी प्रत? काढायची होती. सहा वर्षे काढायची होती.

आता काय घडले ते ध्यानात घ्या. आमच्या आज्ञापत्रिकेत लिहिले होते, 'शून्य क्रमांकाची डिस्क पुसा आणि तीवर विंडोज बसवा.' एसएसडी व्हीएमडीच्या आड, म्हणून अदृश्य. जुनी डिस्क त्या व्यवस्थेबाहेर, म्हणून तेवढीच दृश्य. साहजिकच शून्य क्रमांक तिला मिळाला. तेवीस यंत्रांनी दोष दाखवला म्हणून ती वाचली, आणि ज्याने दोष दाखवला नाही तेच माझ्या ओव्या पुसत होते. यंत्राचा अपराध काही नाही. त्याने सांगितलेले ऐकले.

विद्यार्थ्याने एक शब्द न बोलता भिंतीतला प्लग उपसला. पडद्यावर तेव्हा सहा टक्के होते.

मी खुर्चीवर बसलो तो बसलोच. त्या बायांपैकी चौघी-पाचजणी आता या जगात नाहीत.

"सर, अजून सगळं गेलेलं नाही," तो म्हणाला. डिस्क 'क्लीन' केली म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पाने तशीच असतात. 'क्लीन ऑल' म्हटले असते तर प्रत्येक पानावर शून्ये लिहिली गेली असती. आमच्या आज्ञेत नुसते पुसणे होते. पण त्यानंतर नवी मांडणी झाली आणि सहा टक्के विंडोज उतरले, तेवढी पाने मात्र कायमची गेली. म्हणून त्या डिस्कवर आता एक अक्षरही लिहायचे नाही. आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि शोध त्या प्रतीत करायचा. हे काम रात्रभर चालले. मी घरी गेलो नाही. मामाही गेले नाहीत.

फोटोरेक नावाचा एक मोफत कार्यक्रम आहे. तो अनुक्रमणिका पाहतच नाही. पान न् पान चाळतो आणि फाइलीच्या सुरुवातीची खूण दिसली की ती उचलतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने एकशे एकोणनव्वद ध्वनिफाइली काढून दिल्या. मात्र नावे गेली. गाव, बाईचे नाव, तारीख, सारे त्या नावातच होते. हाती आले ते नुसते एफ आणि पुढे आकडे.

दरम्यान तेवीस यंत्रे सुरळीत झाली. ड्रायव्हर घातलेली फाइल पाठवताच एकवीस यंत्रांत डिस्क तत्काळ दिसली. बाकीच्या दोघांच्या तऱ्हा निराळ्या. एकावर फाइली उतरताना ८००७०४५डी हा आकडा येऊन काम थांबे. त्याचा अर्थ डिस्कशी देवाणघेवाण तुटली. ती डिस्क दुसऱ्या यंत्रात घालून पाहिली, तिथेही तेच, म्हणून ती बदलली. दुसऱ्यावर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली निघाली, आणि यूईएफआयने सुरू होणाऱ्या यंत्रावर विंडोजला जीपीटी आखणी लागते. आत काही ठेवण्याजोगे नाही ना, हे मी तीनदा विचारले आणि मग पुसू दिली. आज्ञापत्रिकेतली ती 'शून्य क्रमांक' ओळ आम्ही काढून टाकली. आता डिस्कचा आकार पाहून माणूस बोट दाखवतो. त्याने काम तासाभराने लांबते.

जूनपासून दर शनिवारी आम्ही ओव्या ऐकायला बसतो. त्या वेळची मुले आता नोकरीला लागली, त्यांतली दोन-तीन येतात. ओळख पटते ती आवाजावरून कमीच. कुठे मागे म्हैस ओरडते, कुठे जात्याचा खुंटा करकरतो, कुठे कोणी पोराला दटावते, 'गप रं, मशीन चालू हाय.' त्यावरून गाव निघते. एकतीस फाइली अजून बेवारशी आहेत.

एका मुलीची आजी २०२१ साली गेली. त्या आजीची ओवी सापडली, पण फाइलीचा मागचा भाग त्या सहा टक्क्यांखाली गेला होता. दोन मिनिटे अकरा सेकंदांनी आवाज मध्येच थांबतो. मुलीने ती दोनदा ऐकली आणि विचारले, "सर, पुढचं नाही का?"

मी नाही म्हणालो. तिने ती फाइल मोबाइलवर घेतली, आणि पुढच्या शनिवारी आपल्या आत्याला घेऊन आली. आत्याला पुढच्या चार ओव्या पाठ होत्या. त्या आम्ही मुद्रित केल्या आहेत. या खेपेस तीन ठिकाणी.