पाच किलोमीटरची चाळणी

महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचे तर पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर आणखी ५ सेंटिमीटर. मोजमापात बसला की मैदानी चाचणी. २०१४ पर्यंत तिच्यात पुरुषांना पाच किलोमीटर धावावे लागे. शिवाय १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, पुलअप्स. त्या वर्षी जूनच्या दमट उकाड्यात मुंबईच्या भरतीत धावल्यानंतर काही तरुण दगावले. पुढे अंतर घटले. आज पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते.

अंतर कमी झाले म्हणजे पोलिसांचा दर्जा उतरला, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. दमसास हा काही महिन्यांच्या प्रशिक्षणात कमावता येतो आणि निवडीनंतर प्रशिक्षण केंद्रात त्यासाठीच रोज पहाटे पीटी आणि कवायत असते. भरतीत एवढेच पाहायचे, की हे शरीर घडवण्याजोगे आहे का. पण आपण धावण्याला गुण लावले. काही सेकंदांच्या फरकाने गुण घटतात आणि एका गुणाने नोकरी जाते, तेव्हा छातीत कळ आली तरी कोण थांबेल? त्यातून रात्रीचा प्रवास करून, फलाटावर किंवा फुटपाथवर झोपून, अर्धपोटी आलेला मुलगा तर मुळीच थांबणार नाही. अंतर घटवल्याने धोका कमी झाला, पण गुणांची ही जीवघेणी चढाओढ तशीच राहिली. धावणे केवळ पात्रतेपुरते ठेवावे आणि गुणवत्ता यादीतून त्याला वगळावे, हे मला योग्य वाटते.

मग हजारोंच्या गर्दीतून निवड करायची कशी? २०१९ च्या नियमांत लेखी परीक्षा आधी घेऊन मैदानावरची गर्दी कमी करण्याची सोय होती. २०२२ मध्ये तो क्रम पुन्हा उलटा झाला. लेखी आधी घेतली तर क्लास न परवडणारी खेड्यातली मुले मागे पडतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. मात्र मैदानही समान नाही: भरतीपूर्व अकादमीची फी भरून वर्षभर ट्रॅकवर सराव केलेला आणि शेतातले काम उरकून डांबरी रस्त्यावर धावणारा एकाच घड्याळावर मोजले जातात. आणि तंदुरुस्तीची एवढी काळजी असेल, तर बारा-बारा तास बंदोबस्ताला उभ्या असलेल्या चाळिशीतल्या शिपायाला व्यायामासाठी ड्युटीतच वेळ द्यायला हवा.