हँडिकॅप म्हणजे सरासरी नव्हे!

गोल्फ क्लबातल्या स्पर्धेचा निकाल लागला की बक्षीस हुकलेल्यांच्या टेबलावरून हमखास ऐकू येतं, "अठराचा हँडिकॅप आणि आज पारच्या वर फक्त चौदा? लबाड लेकाचा!" पुढच्या आठवड्यात तोच माणूस बावीस वर आला की हीच मंडळी त्याची कीव करतात. दोन्ही वेळी डोक्यात समजूत एकच असते, की हँडिकॅप म्हणजे खेळाडूची सरासरी.

अहो, नाही! अमेरिकेची यूएसजीए आणि सेंट अँड्र्यूजची आर अँड ए या संस्थांनी जगातल्या सहा निरनिराळ्या पद्धती मोडून २०२० मध्ये वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आणली. आपल्याकडे इंडियन गोल्फ युनियनही तीच चालवते. तिच्यात शेवटच्या २० राउंडांपैकी उत्तम ८ च धरतात आणि उरलेले १२ हिशेबात येत नाहीत. विश्वास बसत नसेल त्याने नियम ५.२ वाचावा.

आकडे मांडूनच बघू. समजा, एखाद्याच्या २० राउंडांचे हिशेबी आकडे १४, १४.५, १५ असे अर्ध्या-अर्ध्याने चढत २३.५ पर्यंत गेले आहेत. सगळ्यांची सरासरी येते १८.७५. उत्तम ८ ची मात्र १५.७५, म्हणजे हँडिकॅप इंडेक्स १५.८. या २० पैकी त्या इंडेक्सइतके किंवा त्याहून सरस राउंड किती? फक्त चार. पाचांतून एकदा 'हँडिकॅपला खेळणं' ही मुळात हिशेबातच धरलेली गोष्ट आहे. त्यामुळे एखाद्या रविवारी चांगला खेळला म्हणून कोणी चोर ठरत नाही, आणि चारदा कमी पडला म्हणून त्याचा खेळ बिघडला असंही होत नाही.

मी 'हिशेबी आकडे' म्हटलं, कारण नुसता स्कोअरही धरत नाहीत. समजा, कोर्स रेटिंग ७०.२ आणि स्लोप १२६ असलेल्या कोर्सवर तुम्ही ९२ मारले. ९२ मधून ७०.२ वजा केले की २१.८ उरतात. त्यांना ११३ ने गुणून १२६ ने भागलं की येतात १९.६. मध्यम अवघड कोर्सचा स्लोप ११३ धरलेला आहे, म्हणून तो आकडा. वारं-पावसाने त्या दिवशी सगळ्यांचेच स्कोअर बिघडले असतील तर त्याचीही थोडी दुरुस्ती होते.

हाच हिशेब उलटा फिरवला की कोर्सवर मिळणारे शॉट निघतात, आणि इथे दुसरं भांडण सुरू होतं: "परवा तर तुला सतरा होते, आज बाराच का?" कारण कोर्स बदलला! इंडेक्स १६.० असेल तर वरच्याच कोर्सवर, पार ७१ धरून, १७ शॉट मिळतात. रेटिंग ६७.५, स्लोप १०५ आणि पार ७० असलेल्या सोप्या कोर्सवर १२ च. वैयक्तिक स्ट्रोक प्लेमध्ये त्यातलेही साधारणपणे ९५ टक्केच देतात. हे काही लहानपणीचं कच्चं लिंबू नव्हे, की मनात आलं आणि सवलत दिली.

मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवणारे असतात, हे खरं. पण वर्षभरातल्या नीचांकापेक्षा ३ हून जास्त वाढ झाली की पुढची वाढ निम्मीच धरतात आणि ५ च्या वर तर जाऊच देत नाहीत. उलट एखादा राउंड इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्त शॉटनी सरस निघाला तर इंडेक्स आपोआप १ ने कापला जातो, १० किंवा त्याहून जास्त असेल तर २ ने. टेबलावरच्या न्यायाधीशांची गरज नाही.

आता किरकोळ गैरसमज. एका होलवर अकरा मारले म्हणून हँडिकॅप कोसळत नाही. डबल बोगी अधिक तिथे मिळणारे शॉट, इथवरच मोजतात, म्हणजे एक शॉट मिळणाऱ्या पार ४ वर ७ च. फक्त स्पर्धेचेच स्कोअर चालतात, हेही खोटं. नियमाने खेळलेला, मार्करने सही केलेला मित्रांबरोबरचा राउंडही चालतो. स्ट्रोक इंडेक्स (होलांवर शॉट वाटण्याचा क्रम) १ म्हणजे सर्वांत अवघड होल असंच काही नाही, कारण शॉट अठरा होलांवर नीट विखुरले जावेत हेही बघावं लागतं. स्त्री-पुरुषांना एकाच टीवरून एकच रेटिंग नसतं. कमाल मर्यादा दोघांनाही ५४.

आणि '+२' हँडिकॅप बघून समोरच्याला शॉट द्यायला निघालेले महाभाग! तो स्क्रॅच, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, खेळाडूपेक्षाही वरचढ आहे. कोर्सला दोन शॉट परत करतो, तेही स्ट्रोक इंडेक्स १८ च्या होलपासून उलटे मोजत.