जनुकं तीच, आकडा वेगळा

किशोरवयातल्या बेपर्वाईचं जनुक सापडल्याची बातमी दर दोन-चार वर्षांनी येते. सिगारेट, दारू, भरधाव गाडी, सगळ्यांना मिळून एकच खलनायक. १९९६ साली डीआरडी४ या डोपामाइनशी निगडित जनुकाचा नावीन्याच्या ओढीशी संबंध सांगणारे दोन निबंध ‘नेचर जेनेटिक्स’च्या एकाच अंकात आले आणि मग अशा जनुकांची रीघ लागली. ती हकिगत कंटाळवाणी आहे. फेरतपासणीत बहुतेकांचा बार फुसका निघाला, एवढं पुरे. २०१९ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसांचा डीएनए चाळून जोखमीच्या वृत्तीशी जोडलेल्या ९९ जागा निघाल्या. त्यांत जुन्या गाजलेल्या जनुकांना काही खास स्थान नव्हतं, आणि या माहितीवरून बनवलेला स्कोअर माणसामाणसांतल्या फरकापैकी जेमतेम दीड टक्का उलगडतो. यातला मोठा हिस्सा यूके बायोबँकेचा. तिथे नोंदणी झाली ती ४० ते ६९ वयाच्या लोकांची, आणि त्यांना विचारलं होतं की तुम्ही स्वतःला जोखीम घेणारी व्यक्ती म्हणाल का. साठीच्या आजोबांच्या हो-नाहीवरून चौदा वर्षांच्या नातवाची कुंडली मांडायची, असा हा प्रकार.

खरं मोलाचं काम झालं ते फिनलंडमध्ये, आणि त्याची आज कुणी फारशी आठवण काढत नाही. रिचर्ड रोझ, याक्को काप्रिओ आणि पुढे डॅनिएल डिक यांनी देशातल्या जुळ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या प्रश्नावल्या पाठवून पाहिल्या. १९७५ ते १९७९ दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांना सोळाव्या, सतराव्या आणि साडेअठराव्या वर्षी तेच ते विचारलं: किती वेळा पितोस? वय वाढलं तसा पिण्यातल्या फरकांमधला आनुवंशिक वाटा वाढत गेला. पण खरी गंमत पुढे आहे. ज्या भागांत तरुणांची संख्या मोठी, लोकांची ये-जा जास्त आणि दारूची विक्री जोरात, तिथे हा वाटा मोठा. शांत, स्थिर वस्तीच्या भागांत लहान. टोकाच्या भागांची तुलना केली तर फरक जवळजवळ पाचपट. नंतरच्या पिढीत, चौदा वर्षांच्या मुलांच्या धूम्रपानाबाबत, तोच प्रश्न घराच्या उंबऱ्याआत नेला. आपण कुठे असतो, कुणाबरोबर असतो हे आई-वडिलांना कितपत ठाऊक असतं, हे मुलांकडूनच जाणून घेतलं. जिथे पालकांना जवळपास काहीच ठाऊक नव्हतं तिथे आनुवंशिकतेचा वाटा ६० टक्क्यांच्या वर, आणि जिथे त्यांचं बारीक लक्ष होतं तिथे १५ च्या खाली. म्हणजे ‘धूम्रपान अमुक टक्के आनुवंशिक’ हे विधानच अपुरं आहे. कुठल्या गावात, कुणाच्या नजरेखाली, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

यावर ठरलेले आक्षेप आहेत. एकबीज जुळ्यांना लोक जास्त सारखं वागवतात, म्हणून आनुवंशिकतेचा आकडा फुगतो, असं काही समाजशास्त्रज्ञ मंडळी गेली कित्येक वर्षं म्हणत आली आहेत. फुगत असेलही. पण तेवढ्या कारणाने तो पालकांच्या लक्षाबरोबर साठावरून पंधरावर का उतरावा? दुसरा आक्षेप वजनदार आहे: बंडखोर मूल स्वतःच पालकांची नजर चुकवतं, तेव्हा ‘कमी लक्ष’ हाही मुलाच्या जनुकांचाच परिणाम असू शकतो. हे अंशतः मान्य करावंच लागतं. त्याला उत्तर हवं तर असं ठिकाण पाहावं, जिथे मुलांनी निवडलेलंच नाही असं बंधन एकाच वेळी सगळ्यांवर आलं.

असं ठिकाण आहे आइसलंड. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के आधीच्या महिन्यात एकदा तरी झिंगलेली होती. २०१६ मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारी २३ वरून ३ टक्क्यांवर आली. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर बाहेर राहायचं नाही, असा नियम होता. शुक्रवार-शनिवारच्या रात्री पालकच गस्त घालत, आणि खेळ-संगीताच्या वर्गांना सरकार पैसे देई. यातल्या नेमक्या कशाने किती फरक पडला, यावर वाद घाला. पण अठरा वर्षांत एखाद्या देशाची जनुकं बदलत नाहीत. योगायोग असा की २००८ मध्ये धूम्रपानाशी निगडित पंधराव्या गुणसूत्रावरचा प्रसिद्ध फरक मांडणाऱ्या संशोधनात याच देशातली डीकोड कंपनी पुढे होती. हा फरक अंगी असलेला माणूस दिवसाला जास्त सिगारेटी ओढतो. पण मुळात कोण ओढू लागणार, हे त्यावरून जवळपास कळत नाही. पहिली सिगारेट हातात आलीच नाही, तर तो अंगात असूनही धूम्रपानापुरता निष्प्रभ.

‘मग जनुकांचा अभ्यास सोडूनच द्यायचा का?’ असं विचारणाऱ्यांनी जपान पाहावा. दारू प्यायल्यावर चेहरा लाल करणारा, मळमळ आणणारा एएलडीएच२ जनुकाचा प्रकार तिथे मोठं संरक्षण देतो. तरीही मद्यासक्त रुग्णांमध्ये या प्रकाराची एक प्रत असणाऱ्यांचं प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होतं, ते १९८६ मध्ये ८ आणि १९९२ मध्ये १३ झालं. एवढं बलवान जनुकही बदलत्या काळापुढे मागे हटलं, आणि ते किती हटलं हे कळलं ते जनुक ठाऊक होतं म्हणूनच. आता मात्र संशोधकांना तयार विदा हाताशी हवी असते; मुलगा संध्याकाळी कुठे होता हे विचारणारे रकाने भरायला वर्षं लागतात, पैसा लागतो, आणि निबंध मात्र एकच होतो. उलट थुंकीच्या नमुन्यावरून मुलाचा स्वभाव सांगू म्हणणारे आपल्याकडेही दुकान मांडून बसले आहेत. असे स्कोअर मुख्यतः युरोपीय वंशाच्या प्रौढांच्या माहितीवर बेतलेले असतात आणि दुसऱ्या वंशाच्या लोकांत त्यांची पकड आणखी ढिली पडते. नांदेडच्या नववीतल्या मुलाबद्दल त्यातून जे कळेल, त्याहून जास्त त्याच्या शाळेसमोरच्या पानटपरीकडे पाहून कळेल.